आधीच घरी असलेला

१९१३ सालचा जुलै. जर्मनीत लाइप्झिग येथे दोन विद्वान मित्रांचा रात्री उशिरापर्यंत वाद रंगला. ऑयगेन रोझेनश्टॉक जन्माने ज्यू, पण ख्रिस्ती झालेला. फ्रान्झ रोझेनत्स्वाइग नावापुरताच ज्यू. फ्रान्झ हरला आणि बाप्तिस्म्यास राजी झाला! अट एवढीच, की ज्यू म्हणून त्या दारातून आत जायचे.

ऑक्टोबरअखेर मात्र त्याने नात्यातल्या एका भावाला कळविले, की बेत रद्द. ख्रिस्ताच्या द्वारे पित्याकडे जावे, हे जगाला ठीक. पण जो पित्यापाशीच आहे, त्याने जायचे कुठे?

खरी मेख इथेच आहे. ख्रिस्ती मनाला अध्यात्म म्हणजे नवा जन्म, तर ज्यूला जन्मतःच मिळालेला करार, तो शब्बाथ पाळून, धर्माज्ञा आचरून रोज निभवायचा.

१९१६ साली, पहिल्या महायुद्धात, दोघांनी आघाडीवरून पत्रे लिहून हाच वाद पुन्हा उकरला. भाषा चांगलीच झोंबणारी होती. फ्रान्झ ज्यूच राहिला.