दोन आलेख, एकच थरथर

प्रयोगाच्या आलेखात मूळ रेषेवर बारीक, अनियमित थरथर असतेच. दोन वेगळ्या मोजमापांत ती हुबेहूब येणे जवळपास अशक्य. अमेरिकेतल्या बेल लॅब्स या संशोधन संस्थेतल्या यान हेंड्रिक श्योन या भौतिकशास्त्रज्ञाचे बिंग फुटले ते यामुळेच. निरनिराळ्या तापमानांचे म्हणून छापलेले आलेख तंतोतंत जुळत होते! २००२ मध्ये चौकशी समितीने मूळ नोंदी मागितल्या. धड प्रयोगवही नव्हती. फायली पुसलेल्या, का तर म्हणे संगणकात जागा पुरत नव्हती. २४ आरोपांपैकी १६ प्रकरणांत गैरप्रकार सिद्ध झाला. त्याच्या शोधनिबंधांचे सहलेखक मात्र निर्दोष ठरले. मला खटकते ते इथेच. एवढे अफाट निष्कर्ष हाती येत असताना ‘मूळ आकडे दाखव बघू’ म्हणायला कुणाचीच जीभ का रेटली नाही? सहलेखकाची जबाबदारी नेमकी किती, यावर समितीलाही सर्वमान्य नियम सापडला नाही.