जुनी जिप्सी घेताना

पावसाळ्यात इंदापूरकडच्या काळ्या रानात मोटारसायकल रुतते, मग वस्तीवरचे कुटुंब जुनी जिप्सी शोधू लागते. मारुतीने ही गाडी १९८५ साली आणली; आता नवी मिळत नाही.

रंगाला भुलू नका. खाली वाकून चासी पाहा, गंज तिथेच लपतो. चिखलात फोर-व्हीलचा दांडा टाकून पुढची चाके ओढतात का ते पाहा; कोरड्या डांबरावर मात्र टाकू नये.

आमच्या एका नातलगाने बायकोचे दागिने मोडून बारामतीत गाडी घेतली. आर. सी. बुकावर बँकेचा बोजा होता. गाडी दारातून ओढून नेली. म्हणून बोजा असल्यास बँकेचा ना-हरकत दाखला आणि ३५ नंबरचा फॉर्म हाती आल्यावरच इसार द्या. पंधरा वर्षांवरील गाडीची फेरनोंदणी तपासा. २९ व ३० नंबरच्या फॉर्मवर मालकाची सही समोर बसवून घ्या.