वनजिल्ह्यांतला क्लाउड आणि त्याच्या तळाची डिस्क

व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) बंद करून ठेवले की मागे उरते ती एक मोठी फाइल, किंवा डिस्कवर राखून ठेवलेला एक भाग. प्रोसेसर आणि मेमरी त्याने तेवढ्यापुरती वापरलेली असते, उद्या ती दुसऱ्या सर्व्हरची असली तरी त्याचे काही अडत नाही. माहिती मात्र त्या फाइलमध्येच असते. म्हणून एखादी संस्था स्वतःचा खासगी क्लाउड उभारते तेव्हा सर्व्हर कोणत्या कंपनीचे घ्यायचे हा प्रश्न दुय्यम ठरतो. सगळ्या व्हीएमच्या डिस्का शेवटी कशावर टेकणार, हे आधी ठरवावे लागते. सर्व्हर जळाला तर दुसरा आणता येतो. साठवण गेली तर परीक्षांचे गुण, रुग्णांची नोंद, वनहक्काचे नकाशे एकदमच जातात.

चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतली बरीचशी सरकारी माहिती जिल्ह्यात राहतच नाही. सातबारा, फेरफार, योजनांचे अर्ज यांच्या प्रणाली राज्याच्या आणि केंद्राच्या डेटा सेंटरमधून चालतात. केंद्र सरकारने ‘मेघराज’ हा सरकारी क्लाउडचा उपक्रम २०१४ मध्ये सुरू केला. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची, म्हणजे एनआयसीची, राष्ट्रीय डेटा सेंटरे दिल्ली, पुणे, हैदराबाद आणि भुवनेश्वर इथे आहेत. तरीही काही कामे जागच्या जागीच व्हावी लागतात. २०११ मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाला या दोन्ही जिल्ह्यांतली महाविद्यालये जोडलेली आहेत, वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत रोजचे तपासणी अहवाल तयार होतात, आणि ताडोबा व्याघ्रप्रकल्पाच्या जंगलातून वन्यप्राण्यांच्या कॅमेऱ्यांची कार्डे भरून येत असतात. इंटरनेटची वाहिनी तुटली तरी ओपीडी बंद ठेवता येत नाही. अशा संस्थेने तीन-चार सर्व्हर घेऊन आपला छोटा क्लाउड करायचा ठरवला, तर साठवणीची निवड तिने कशी करावी हे या लेखात पाहू.

पहिली गोष्ट म्हणजे सगळी माहिती एका जातीची नसते. व्याघ्रगणनेत पायवाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक कॅमेरा ट्रॅप लावतात, कारण वाघाच्या डाव्या आणि उजव्या अंगावरचे पट्टे सारखे नसतात. २०१८-१९ च्या देशव्यापी गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले गेले आणि त्यांतून ३,४८,५८,६२३ छायाचित्रे मिळाली. गिनीज बुकात या पाहणीची नोंद झाली. यातली वाघांची छायाचित्रे होती ७६,६५१. बाकीच्यांत इतर जनावरे आणि वाऱ्याने हललेले गवतही होते. एका छायाचित्राचा आकार सरासरी २ एमबी धरला तर हा साठा सुमारे ७० टीबीचा होतो. ही माहिती प्रचंड असते, पण एकदा लिहिली की बदलत नाही आणि वाचलीही क्वचितच जाते.

परीक्षा विभागाचा किंवा रुग्णालयाचा डेटाबेस नेमका उलटा असतो. तो शंभर-दोनशे जीबीत मावतो, पण दिवसभर त्यात बारीक बारीक लिखाण चालू असते, आणि प्रत्येक नोंद ‘लिहिली गेली’ अशी पोच आल्याशिवाय पुढचे काम होत नाही. या दोन्ही प्रकारांना एकाच साठवणीत कोंबणे ही नवख्या क्लाउडमधली सर्वांत महागडी चूक आहे. छायाचित्रांसाठी महागडी वेगवान डिस्क वाया जाते, नाहीतर डेटाबेस संथ डिस्कवर गुदमरतो.

हे गुदमरणे कुठून येते ते समजून घेण्यासारखे आहे. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा सुईखाली यायला सरासरी अर्धा फेरा, आणि त्याआधी सुई योग्य पट्ट्यावर सरकायला आणखी आठ-नऊ मिलिसेकंद. हिशेब केला तर अशी डिस्क सेकंदाला जेमतेम ऐंशी-शंभर वेगवेगळ्या ठिकाणांची मागणी पुरी करू शकते. एकच मोठी फाइल सलग वाचायची असेल तर हीच डिस्क सेकंदाला २०० एमबीपर्यंत देते. पण एका सर्व्हरवर वीस व्हीएम असले की प्रत्येकाचे सलग वाचनही एकमेकांत मिसळून विखुरलेले होते. एकाच तलाठ्याकडे वीस जणांनी एकाच वेळी वीस वेगवेगळ्या दप्तरांतल्या नोंदी मागाव्यात, तशी त्या सुईची अवस्था होते. एसएसडीत फिरणारा भागच नसल्याने ती सेकंदाला हजारो मागण्या पुरवते, आणि एनव्हीएमई प्रकारातली त्याहून कितीतरी जास्त. व्हीएमच्या डिस्का आज एसएसडीवरच असाव्यात, याबद्दल फारसे दुमत राहिलेले नाही.

एसएसडी कोणती, हे मात्र नीट पाहावे लागते. डेटाबेस दर नोंदीनंतर डिस्कला विचारतो: खरोखर लिहिले का? घरगुती वापराच्या बहुतेक एसएसडींत वीज जाताच अर्धवट राहिलेले लिखाण पुरे करण्याइतकी ऊर्जा राखीव नसते. त्यामुळे त्या एकतर हे उत्तर द्यायला फार वेळ लावतात, किंवा लिहिण्याआधीच होकार देतात. सर्व्हरसाठी बनवलेल्या एसएसडीत त्यासाठी वेगळे कपॅसिटर बसवलेले असतात. २,९२० मेगावॉटचे औष्णिक केंद्र चंद्रपुरात असले, तरी वादळात वाहिनीवर झाड पडले की गावची वीज जाते. अशा ठिकाणी ही सोय नसलेली स्वस्त डिस्क घेऊ नये. दरपत्रकात ‘एसएसडी’ एवढाच शब्द लिहिला तर सर्वांत स्वस्त डिस्क येईल. ‘वीज गेल्यास लिखाण सुरक्षित राखणारी’ ही अट स्पष्ट लिहावी लागते.

आता पर्याय. सर्वांत साधा पर्याय म्हणजे प्रत्येक सर्व्हरच्या पोटातल्या डिस्का त्याच सर्व्हरच्या व्हीएमना देणे. लिनक्सवरचे एलव्हीएम किंवा झेडएफएस हे काम चोख करते. झेडएफएस सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत तयार झाली आणि २००५ मध्ये तिचा स्रोत खुला झाला. प्रत्येक तुकड्याची खूण ती वेगळी जपते, त्यामुळे डिस्कने गुपचूप बिघडवलेली माहिती तिला ओळखता येते, आणि दुसरी चांगली प्रत असेल तर दुरुस्तही करता येते. हा पर्याय वेगवान आहे, कारण मध्ये नेटवर्क नाही. सर्व्हरच बंद पडला तर मात्र त्यावरचे व्हीएमही बंद पडतात. त्यावर उतारा म्हणून झेडएफएसने दर पंधरा मिनिटांनी फक्त बदललेला भाग शेजारच्या सर्व्हरवर पाठवता येतो. मग अपघातात जास्तीत जास्त पंधरा मिनिटांचे काम जाते. रुग्णाच्या नोंदीसाठी तेवढेही चालत नसेल, तर डेटाबेसची स्वतःची प्रतिकृती दुसऱ्या व्हीएममध्ये सतत चालू ठेवावी. पोस्टग्रेएसक्यूएलसारख्या डेटाबेसमध्ये ती सोय मुळातच आहे. साठवणीने सगळेच करावे असा हट्ट सोडला की बराच खर्च वाचतो.

दुसरा मार्ग सामायिक पेटीचा. एनएफएस ही पद्धत १९८४ पासून चालत आलेली आहे: एका सर्व्हरवर फाइली, बाकीचे सर्व्हर नेटवर्कवरून त्या वापरतात. व्हीएमची डिस्क सामायिक असल्याने चालू व्हीएम एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर क्षणात हलवता येतो. पण ती एक पेटी थांबली की सगळेच थांबते. सॅनमधल्या, म्हणजे साठवणीच्या स्वतंत्र नेटवर्कमधल्या, महागड्या पेटीत म्हणूनच दोन नियंत्रक, दोन वीजजोडण्या आणि डिस्कांपर्यंत दोन वाटा असतात. बँका आणि मोठी रुग्णालये वर्षानुवर्षे यावर विसंबून आहेत आणि त्यात काही चूक नाही. अडचण देखभालीची असते. वार्षिक देखभाल करार संपल्यावर सुटा भाग मिळत नाही, आणि दुसऱ्या कंपनीची डिस्क त्यात बहुधा चालत नाही. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागडचा रस्ता बंद होतो. भामरागडला कोणी सॅन बसवणार नाही, पण चंद्रपुरातही अभियंता नागपूरहून किती तासांत येणार आणि सुटा भाग कुठल्या गोदामातून निघणार, हे करारात लिहिलेले नसेल तर दुहेरी नियंत्रकाचे पैसे निम्मे वाया गेले असे समजावे.

तिसरा मार्ग आज सर्वांत चर्चेत आहे: कोणतीही खास पेटी न घेता सर्व्हरांतल्याच डिस्का जोडून एक सामायिक साठवण करणे. सेफ ही यातली प्रसिद्ध मुक्त प्रणाली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ केंद्रात सेज वाइल यांच्या डॉक्टरेटच्या संशोधनातून ती जन्मली आणि तिच्यावरचा शोधनिबंध २००६ मध्ये आला. युरोपातल्या सर्न या अणुसंशोधन केंद्राने २०१३ पासून आपल्या क्लाउडखाली ती वापरली आहे. कोणता तुकडा कोणत्या डिस्कवर आहे याची मध्यवर्ती यादीच सेफ ठेवत नाही. ठरलेल्या गणिताने प्रत्येक सर्व्हर ते स्वतः काढू शकतो, म्हणून यादी ठेवणारा एक सर्व्हर कोसळून सगळे अडण्याचा धोका उरत नाही. साधारणपणे प्रत्येक तुकड्याच्या तीन प्रती तीन वेगळ्या सर्व्हरांवर राहतात आणि त्या लिहून झाल्यावरच व्हीएमला पोच मिळते.

या सोयीची किंमत आकड्यांत पाहावी. तीन सर्व्हर, प्रत्येकात ३.८४ टीबीच्या चार डिस्का, म्हणजे एकूण ४६ टीबी. तीन प्रतींमुळे वापरायला उरतात १५. सेफ ८५ टक्के भरल्यावर इशारा देते आणि ९५ टक्क्यांना लिखाण थांबवते, म्हणून प्रत्यक्षात १२-१३ टीबीच धरावेत. तीनच सर्व्हर असताना एक गेला तर काम चालू राहते, पण तिसरी प्रत पुन्हा उभी करायला जागाच नसते. दुसरा गेला की सगळे थांबते. म्हणून चार सर्व्हर हा शहाणपणाचा आकडा आणि पाच त्याहून बरा. शिवाय प्रत्येक लिखाण नेटवर्कवरून जात असल्याने १ गिगाबिटची जोडणी अपुरी पडते. तिच्यातून सेकंदाला १२५ एमबीच जातात, एका साध्या एसएसडीला लागतात त्याहूनही कमी. १० गिगाबिट हा किमान, २५ असेल तर उत्तम.

सेफ चंद्रपूर आणि नागपूर यांमध्ये ताणावी, म्हणजे एक शहर बंद पडले तरी दुसरे चालेल, अशी कल्पना बैठकीत हमखास निघते. ती तिथेच थांबवावी. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. दीडशे किलोमीटरच्या जाण्यायेण्याला दीड मिलिसेकंद लागतात, आणि तार सरळ रेषेत कधीच नसते. दर नोंदीला एवढा उशीर सोसेनासा होतो. वाहिनी तुटली तर नुकसान त्याहून मोठे: दोन भागांपैकी बहुमत कोणाकडे, हे ठरेपर्यंत एका बाजूला काम थांबवावेच लागते. लांबच्या शहरात ठेवायची ती मागाहून पोचणारी प्रत.

थोडक्या मनुष्यबळाच्या संस्थेसाठी यातून निवड बरीच स्पष्ट होते. दोन-तीन सर्व्हर आणि सांभाळायला एकच माणूस असेल, तर झेडएफएसच्या स्थानिक जोडडिस्का, ठरावीक मिनिटांनी शेजारी पाठवलेली प्रत आणि वेगळा बॅकअप सर्व्हर. हे कमी दिमाखदार दिसते, पण रात्री दोन वाजता बिघाड झाला तर एका माणसाला ते समजते. चार-पाच सर्व्हर, वेगवान नेटवर्क आणि सेफ खरोखर शिकलेली किमान दोन माणसे असतील तर सेफ, कारण पुढे डिस्का वाढवणे तिच्यात सोपे जाते आणि कोणत्याही एका कंपनीवर अवलंबून राहावे लागत नाही. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएम चालवण्याचे सॉफ्टवेअर बनवणारी व्हीएमवेअर विकत घेतल्यानंतर कायमस्वरूपी परवान्यांची विक्री बंद करून वर्गणी लागू केली. तेव्हापासून प्रॉक्समॉक्ससारख्या मुक्त प्रणालीकडे वळणाऱ्या संस्था वाढल्या, आणि त्या प्रणालीत झेडएफएस आणि सेफ दोन्ही सामावलेल्या आहेत. सॅन घ्यायची ती देखभालीचा पैसा पाच-सात वर्षांसाठी मंजूर असेल तरच.

कॅमेऱ्यांची छायाचित्रे मात्र व्हीएमच्या डिस्कमध्ये ठेवूच नयेत. मोठ्या फिरत्या डिस्कांवर वेगळी साठवण करावी. तिथे तीन पूर्ण प्रतींऐवजी चार भाग माहितीचे आणि दोन भाग पडताळणीचे अशी मांडणी केली, तर वर पाहिलेल्या ७० टीबीला २१० ऐवजी १०५ टीबी पुरतात आणि दोन डिस्का गेल्या तरी काही हरवत नाही. वेग कमी पडतो, पण इथे तो लागत नाही. मोठ्या डिस्कची एक गोष्ट लक्षात ठेवावी: १८ टीबीची डिस्क बदलून पुन्हा भरायला सेकंदाला २०० एमबीच्या सलग वेगानेही पंचवीस तास लागतात. त्या काळात दुसरी डिस्क जाऊ शकते, म्हणून एकाच डिस्कचे नुकसान सोसणारी जुनी रेड-५ इथे वापरू नये.

जागा वाटण्यातही एक सापळा आहे. व्हीएमला १०० जीबी दाखवायचे आणि प्रत्यक्षात वापरेल तेवढेच द्यायचे, ही सोय सगळ्याच प्रणाली देतात. त्यामुळे १० टीबीच्या साठ्यावर २० टीबी वाटले जाते. मग एखाद्या व्हीएमची लॉग फाइल रातोरात वाढते, मूळ साठा भरतो आणि सगळेच व्हीएम एकदम अडकतात. किती वाटले आणि किती भरले, हे दोन्ही आकडे रोज पाहावे लागतात, आणि सत्तर टक्क्यांवरच नव्या डिस्कांची मागणी निघावी लागते, कारण सरकारी खरेदीला महिने लागतात.

तीन प्रती असल्या तरी तो बॅकअप होत नाही. चुकून पुसलेली फाइल किंवा खंडणीखोर व्हायरसने कुलूपबंद केलेली माहिती तिन्ही प्रतींत त्याच क्षणी पोचते. बॅकअप वेगळ्या यंत्रावर, वेगळ्या पासवर्डखाली आणि एक प्रत दुसऱ्या गावी असावी. १०० मेगाबिटच्या वाहिनीवरून २ टीबीची पहिली प्रत पाठवायला सुमारे ४४ तास लागतात, म्हणून ती डिस्कवर भरून गाडीने नेणे सोपे. त्यानंतर रोजचे २० जीबीचे बदल अर्ध्या तासात जातात.

यंत्रणा ताब्यात घेण्याआधी तिची परीक्षा प्रत्यक्ष घ्यावी. चालू सर्व्हरमधून डिस्क ओढून काढावी, नेटवर्कची तार उपटावी, एका सर्व्हरची वीज तोडावी आणि प्रत्येक वेळी डेटाबेसची शेवटची नोंद शाबूत आहे का ते तपासावे. बॅकअपमधून एक पूर्ण व्हीएम परत उभा करून त्याला लागलेला वेळ लिहून ठेवावा. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा वातानुकूलन बंद पडल्यावर खोली किती मिनिटांत तापते हेही पाहावे आणि सर्व्हर आपोआप, क्रमाने बंद होतील अशी व्यवस्था करावी. दोन राखीव डिस्का आणि एक वीजपुरवठा संच कपाटात तयार असावा, आणि त्यांची नोंद पावसाळ्याआधी तपासावी.