आधी स्पेअर, मग गाडी

मैदानातल्या दगडावर आपटून आमच्या गाडीच्या पुढच्या चाकाचा आर्म तुटला, तेव्हा बघत उभा असलेला शेजारचा मुलगा हळहळला, ‘काका, गेली!’ गेली वगैरे काही नव्हती. पिन ओढली, शॉक सोडवला, प्लॅस्टिकचा नवा आर्म बसवला, वीस मिनिटांत गाडी परत धुरळा उडवायला लागली. दुकानातली रिमोटची गाडी बिघडली की माळ्यावर जाते. हॉबी ग्रेड आरसी, म्हणजे रेडिओ कंट्रोल कार मात्र मोडणार हे धरूनच बनवलेली असते.

म्हणून पहिली गाडी घेताना ‘पळते किती?’ हे सगळ्यात शेवटी विचारा. आधी विचारा, आर्म, स्पर गिअर, ड्राइव्ह शाफ्ट सुटे मिळतात का, आणि किती दिवसांत? टामिया कंपनीची ग्रासहॉपर ही बग्गी 1984 साली आली. तिचा किट कंपनीने 2005 मध्ये पुन्हा बाजारात आणला. अशा गाडीचा भाग शोधत वणवण करावी लागत नाही. नवख्याने 1/10 मापाची, साधी ब्रश मोटर असलेली बग्गी किंवा ट्रक घ्यावा. खडकांवर चढणारा क्रॉलर तर गच्चीतल्या कुंड्यांमध्येही चालवता येतो.

वेगाचं गणित सोपं आहे. ब्रशलेस मोटरवर 3000 केव्ही लिहिलेलं असेल, तर विनाभार ती दर व्होल्टला मिनिटाला 3000 फेरे घेते. दोन सेलच्या लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीचे 7.4 व्होल्ट म्हणजे 22,200 फेरे, तीन सेलचे 11.1 म्हणजे 33,300. मोह तिथेच होतो. पण तेवढ्याने मोटर तापते, गिअरचे दात झडतात, आणि भिंत फार लवकर जवळ येते.

खरं सांभाळायचं ते लिपोला. पूर्ण चार्ज झाली की प्रत्येक सेल 4.2 व्होल्टवर असतो, 3 च्या खाली गेला की कायमचा दुखावतो. गाडी मंदावली की ‘अजून एक फेरी’ म्हणायचं नाही. ठेवून द्यायची असेल तर सेलमागे 3.8 व्होल्टवर ठेवायची. चार्जिंग बॅलन्स चार्जरवर, फरशीवर, डोळ्यांसमोर. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरायची नाही, मग ती कितीही महाग असो. एवढा व्याप नको असेल तर सुरुवातीला निकेल मेटल हायड्राइड बरी.

गिअर बसवायची युक्ती मात्र फुकटची आहे. मोटरचा छोटा पिनियन आणि मोठा स्पर यांच्या दातांमध्ये वहीच्या कागदाची पट्टी धरायची, मोटर दाबून स्क्रू आवळायचे, मग चाक फिरवून पट्टी बाहेर काढायची. पट्टीवर नागमोडी ठसा उमटला आणि ती फाटली नाही, तर जमलं. मोटरचे स्क्रू धातूत जातात, त्यांना थ्रेडलॉकचा थेंब लावा. प्लॅस्टिकमध्ये जाणाऱ्यांना नको.

सुरू करताना आधी रिमोट, मग गाडी. बंद करताना उलट. नाहीतर मालकाविना सुटलेली गाडी पकडायला पळावं लागतं, आणि सोसायटीत त्यासारखी करमणूक नाही.

पावसाळ्यात खोक्यावरच्या ‘वॉटरप्रूफ’ शब्दाला भुलू नका. तो बहुधा इलेक्ट्रॉनिक्सपुरताच असतो, बेअरिंगं लोखंडाचीच. मी एकदा चिखलाने माखलेली गाडी तशीच कोपऱ्यात ठेवली. आठवड्याने मागची दोन्ही चाकं जुन्या रहाटासारखी किरकिरत होती.