लिट्टी-चोखा आणि वांग्यातील अळी

बिहारमध्ये लिट्टीसोबत चोखा हवाच. लिट्टीसाठी ओवा, मीठ व थोडे तूप घालून कणीक घट्ट मळतात. सारण भाजलेल्या हरभऱ्याच्या पिठाचे, म्हणजे सत्तूचे. त्यात लसूण, आले, हिरवी मिरची, कलौंजी, मीठ, लिंबाचा रस आणि मोहरीचे तेल. सारण मुठीत दाबल्यावर जेमतेम वळावे. भरलेले गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर फिरवत भाजतात. घरात ओव्हनही चालतो, धुरकट वास तेवढा उणा पडतो.

चोख्याचे वांगे मात्र सबंध भाजण्याची रीत आहे आणि अडचण तिथेच आहे. शेंडे व फळ पोखरणारी अळी लहानपणीच, बहुधा देठाच्या टोपीखालून, फळात शिरते. ते छिद्र विष्ठेने बुजून जाते. सालीवर ठळक दिसणारे छिद्र अळी बाहेर पडल्याचे असते. म्हणून तुकतुकीत वांगेही निर्धोक समजू नये. भाजण्यापूर्वी देठापर्यंत उभी चीर देऊन आत पाहावे. चिरेत लसणाच्या पाकळ्या खोचल्यास स्वादही वाढतो.

फळात शिरलेल्या अळीपर्यंत स्पर्शजन्य कीटकनाशक पोहोचत नाही. तोडणीच्या तोंडावर फवारल्यास अळी तशीच राहते, अवशेष मात्र ताटात येतात. त्यापेक्षा कोमेजलेले शेंडे दिसताच अळीसह खुडून नष्ट करावेत, किडकी फळे बांधावर टाकू नयेत आणि कामगंध सापळे वेळीच लावावेत.

भाजलेले वांगे सोलून, भाजलेला टोमॅटो व उकडलेला बटाटा यांसह कुस्करावे. वरून लसूण, मिरची, कोथिंबीर, मीठ व कच्चे मोहरीचे तेल. लिट्टी राख झटकून, फोडून तुपात बुडवावी व गरमच वाढावी.