मृत्युपत्र दडवून ठेवले, तर वारसांनी काय करावे?

निफाडकडील द्राक्षबाग असो वा नाशिक शहरातील जुना वाडा, घरातील कर्ता माणूस गेल्यावर मृत्युपत्राचा प्रश्न निघतोच. एखादा नातेवाईक ते आपणापाशी असल्याचे सांगतो, पण दाखवीत नाही. दरम्यान, सासरी गेलेल्या बहिणीपुढे हक्कसोडपत्राचा कागद येतो. मृत्युपत्राचा शोध पुरा होईपर्यंत तिने त्यावर सही करणे हिताचे नाही.

शोधाचा प्रारंभ दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातून करावा. मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही. तथापि ते नोंदविलेले असल्यास, १९०८ च्या नोंदणी अधिनियमानुसार, ते करणाऱ्याच्या मृत्यूनंतर कोणाही अर्जदारास त्याची नक्कल मिळू शकते. अर्जासोबत मृत्यूचा दाखला जोडावा. मोहोरबंद लखोट्यात निबंधकाकडे ठेव म्हणून दिलेले मृत्युपत्रही मृत्यूनंतर अर्ज केल्यास अर्जदारासमक्ष उघडले जाते.

तेथे काही न मिळाल्यास जिल्हा न्यायालयाकडे जाता येते. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ मधील कलम २६७ अन्वये, ज्याच्या ताब्यात मृत्युपत्र असल्याचे दाखवून देता येईल, त्यास ते हजर करण्याचा आदेश न्यायाधीश देऊ शकतात. ताबा दाखविता आला नाही, परंतु त्या व्यक्तीस माहिती असावी असे मानण्यास आधार असला, तर तिला बोलावून तपासताही येते. म्हणूनच साक्षीदार, लेखनिक व वकील यांची नावे वेळीच टिपून ठेवावीत. कपटाने मृत्युपत्र दडविणे वा नष्ट करणे हा गुन्हा असून, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४३ अन्वये त्यास जन्मठेप किंवा सात वर्षांपर्यंत कारावास आणि दंड अशी शिक्षा आहे.

दरम्यान तलाठ्याकडे वारसनोंदीचा फेरफार सुरू झाला असल्यास नोटिशीच्या मुदतीत लेखी हरकत नोंदवावी व तिची पोच घ्यावी. मात्र फेरफाराने मालकी ठरत नाही. तिचा निर्णय दिवाणी न्यायालयच करते.

मृत्युपत्र नसल्याचेच निष्पन्न झाले, तरी वारस निराधार होत नाहीत. हिंदू पुरुषाच्या बाबतीत १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमानुसार विधवा, मुलगे, मुली आणि आई यांना समान वाटा मिळतो.

गावात अशा वेळी लोक शिक्षक, ग्रामसेवक वा पंचायत सदस्याकडेच प्रथम धाव घेतात. निवाडा करणे हे त्यांचे काम नव्हे; पण योग्य कार्यालयाची वाट ते दाखवू शकतात. स्त्रियांना १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमान्वये, उत्पन्नाची अट न लावता, मोफत वकील मिळतो. एवढी माहिती वेळेवर पोहोचली, तरी एखाद्या बहिणीचा हक्क वाचेल.