झुरळांचे निवारण

रात्री घरात निजानीज झाल्यावर स्वयंपाकघरातील दिवा एकाएकी लावला, तर ओट्यावरून, मोरीच्या कडेने व फडताळाच्या मागे काही तपकिरी आकृत्या धावत जाऊन दिसेनाशा होतात. हा अनुभव दिल्ली, कोलकाता, मुंबई वा चेन्नई, कोठेही सारखाच आहे. झुरळ हा मनुष्याहून फार प्राचीन प्राणी होय. त्याच्या पूर्वजांचे अवशेष सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत आढळतात. आज पृथ्वीवर झुरळांच्या ४,५०० हून अधिक प्रजाती आहेत. त्यांपैकी बहुतेक रानावनात राहतात आणि पालापाचोळा कुजवून त्याची माती करण्याच्या निसर्गाच्या कामी हातभार लावतात. मनुष्याच्या वस्तीत शिरलेल्या प्रजाती जेमतेम ३० भरतील. त्या आपल्या घरी कशासाठी आल्या हे कळले, म्हणजे त्यांना बाहेर कसे घालवावे हेही कळते.

दोन परिचित जाती

आपल्या घरांत मुख्यतः दोन प्रकारची झुरळे दिसतात. पहिले मोठे, तांबूस रंगाचे, ३५ ते ४० मिलिमीटर लांबीचे. त्याला अमेरिकन झुरळ म्हणतात. परंतु त्याचे मूळ स्थान आफ्रिका हे होय. गटारे, सांडपाण्याच्या वाहिन्या व दमट तळघरे ही त्याची खरी वसतिस्थाने. तेथून ते मोरीच्या जाळीतून वर येते.

दुसरे लहान, फिकट तपकिरी, १२ ते १५ मिलिमीटर लांबीचे असून त्याच्या डोक्यामागील ढालीवर दोन गडद समांतर पट्टे असतात. याचे नाव जर्मन झुरळ. लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७६७ साली त्याला हे नाव दिले. वस्तुतः जर्मनीशी त्याच्या कुळाचा संबंध नाही. १७ देशांतून गोळा केलेल्या २८१ झुरळांच्या जनुकांची तुलना करणारे संशोधन २०२४ साली प्रसिद्ध झाले. त्यावरून असे दिसते की, ही जाती सुमारे २,१०० वर्षांपूर्वी भारतात किंवा म्यानमारमध्ये रानटी आशियाई झुरळापासून निर्माण झाली आणि पुढे मनुष्याच्या मालाबरोबर पश्चिमेकडे गेली. रानात तिची वस्ती आढळत नाही. ती केवळ मनुष्याच्या आश्रयाने जगते. म्हणूनच आपण आश्रय काढून घेतला, तर तिला दुसरे घर नाही.

उपद्रव केवळ किळसवाणा नव्हे

झुरळ विषारी नाही. तथापि ते मोरीतून व शौचकूपातून फिरून अन्नावर येते आणि पायांना चिकटलेले रोगजंतू तेथे सोडते. हगवण व अन्नविषबाधा यांचे जंतू त्याच्या अंगावर व विष्ठेत आढळलेले आहेत. दुसरा धोका याहून गंभीर आहे. झुरळाची विष्ठा, लाळ व टाकलेली कात यांचे सूक्ष्म कण धुळीत मिसळतात आणि श्वासावाटे छातीत जातात. अमेरिकेतील शहरांच्या गरीब वस्त्यांतील दमेकरी मुलांची पाहणी १९९७ साली प्रसिद्ध झाली. ज्या मुलांना झुरळांची अ‍ॅलर्जी होती व ज्यांच्या निजण्याच्या खोलीतील धुळीत हे कण अधिक होते, त्यांना इतर मुलांच्या सुमारे तिप्पट वेळा रुग्णालयात ठेवावे लागले. ज्या घरात दमेकरी मूल आहे, त्या घरात झुरळांचे निवारण हा औषधोपचाराचाच एक भाग समजला पाहिजे.

फवारा का फसतो?

झुरळ दिसताच विषारी फवारा मारणे, हा सर्वांत प्रचलित व सर्वांत निरुपयोगी उपाय होय. फवाऱ्याने समोरची चार झुरळे मरतात. फटींत दडलेली झुरळे बिथरून दुसऱ्या खोलीत जातात. शिवाय त्यांची अंडी सुरक्षित राहतात. मादीची अंडी चामड्याच्या पाकिटासारख्या एका घट्ट कोशात असतात. जर्मन झुरळाच्या एका कोशात ३० ते ४० अंडी असतात आणि मादी तो कोश पिल्ले निघण्याची वेळ येईपर्यंत आपल्या शरीराच्या मागील टोकाशी बाळगते. पिल्ले सहा-सात वेळा कात टाकून सुमारे दोन महिन्यांत प्रौढ होतात. त्यामुळे आज स्वच्छ वाटलेले घर दोन महिन्यांत पुन्हा भरते.

आणखी एक अडचण आहे. विषातून वाचलेल्या झुरळांची संतती त्या विषाला दाद देत नाही. १९५० च्या दशकाच्या आरंभीच अमेरिकेतील टेक्सास राज्यात क्लोरडेन या कीटकनाशकाला न जुमानणारी जर्मन झुरळे आढळली. पुढे गोड आमिषात विष घालण्याची युक्ती निघाली, तेव्हा काही झुरळांनी ग्लुकोज साखरच खाण्याचे सोडले. १९९३ साली ही गोष्ट नोंदली गेली आणि २०१३ साली तिचे कारण उलगडले: या झुरळांच्या जिभेला म्हणावे अशा रुचिपेशींना ग्लुकोज कडू लागते! केवळ विषावर विसंबणाऱ्यास झुरळ नेहमी हुलकावणी देत राहील.

पाणी, अन्न आणि फट

झुरळाला घरात तीन गोष्टी हव्या असतात. त्यांत पाण्याचे महत्त्व सर्वांत अधिक. जर्मन झुरळ पाणी मिळाल्यास अन्नावाचून महिनाभर तग धरते. परंतु पाणी तुटले, तर कोरडे अन्न समोर असूनही साधारण दोन आठवड्यांत मरते. यास्तव गळणारी तोटी प्रथम दुरुस्त करावी. रात्री निजण्यापूर्वी ओटा व मोरी कोरडी पुसावी, भिजलेले फडके वाळत टाकावे, फ्रिजखालील ताटलीत साचलेले पाणी ओतून द्यावे.

अन्नाच्या बाबतीत नियम एकच: खरकटे रात्रभर राहू नये. पीठ, साखर, गूळ घट्ट झाकणाच्या डब्यांत असावेत. केराच्या डब्याला झाकण हवे व तो रात्रीच रिकामा व्हावा. शेगडीखाली सांडलेले तेल विसरू नये. झुरळाला तेवढी मेजवानी पुरते.

तिसरी गोष्ट फट. झुरळाला पाठीला व पोटाला दोन्हीकडून स्पर्श होईल अशी अरुंद जागा प्रिय असते. प्रौढ जर्मन झुरळाला पाच मिलिमीटरची भेग पुरते, पिल्लाला दीड मिलिमीटरची. भिंत व ओटा यांमधील सांधे, नळाभोवतीची भोके व लाकडी कपाटांच्या भेगा सिमेंटने किंवा लांबीने बुजवाव्यात. मोरीच्या तोंडावर बारीक जाळी बसवावी. रद्दी व पुठ्ठ्याची खोकी साठवू नयेत; किराण्याच्या खोक्यांतून अंडकोश व पिल्ले घरात येतात.

विषाचा सावध उपयोग

इतके केल्यावरच विषाची वेळ येते. फवाऱ्यापेक्षा आमिष चांगले. बाजारात मिळणाऱ्या जेलचे मुगाएवढे ठिपके बिजागऱ्यांजवळ, कपाटांच्या आतील कोपऱ्यांत व फ्रिजच्या मागे ठेवावेत. काही जेल खाऊन मेलेल्या झुरळाची विष्ठा किंवा कलेवर खाणारी पिल्लेही मरतात. जेल लावलेल्या जागी फवारा मारू नये; त्याच्या वासाने झुरळे आमिषाला शिवत नाहीत.

कॅरमच्या पटावर टाकतात त्या बोरिक पावडरचा उपयोगही जुना व सिद्ध आहे. पीठ व साखर यांत ती मळून लहान गोळ्या करतात, किंवा कोरड्या फटींत तिचा अगदी पातळ थर देतात. मात्र ती विषच आहे, हे ध्यानी असावे. लहान मुले व पाळीव प्राणी पोहोचतील अशा जागी तिची गोळी ठेवू नये. कीटकनाशक खडू लिहिण्याच्या खडूसारखा दिसतो आणि डांबरगोळी मुलांना गोळ्यांसारखी वाटते. हा साम्याचा धोका ओळखून या वस्तू मुलांपासून दूर ठेवाव्यात. पेटलेल्या शेगडीजवळ फवारा कधीही मारू नये, तो पेट घेऊ शकतो. आपल्या देशात १९६८ च्या कायद्यानुसार कीटकनाशकांच्या विक्रीवर नियंत्रण आहे. त्यांच्या वेष्टनावरील त्रिकोणाचा रंग पाहावा: तांबडा अत्यंत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य.

पुनरागमन टाळावयाचे तर

उपाययोजनेनंतर चिकट कागदाचे एक-दोन सापळे मोरीजवळ व फ्रिजमागे ठेवून दर आठवड्याला पाहावेत. त्यांत केवळ मोठी झुरळे सापडली, तर ती बहुधा गटारातून येत आहेत असे समजून जाळ्या तपासाव्यात. लहान पिल्ले सापडली, तर वस्ती जवळच आहे. दोन महिन्यांनी आमिष पुन्हा ठेवावे, कारण तोवर लपलेल्या अंडकोशांतील पिल्ले वाढलेली असतात.

चाळीत किंवा अनेक बिऱ्हाडांच्या इमारतीत मात्र एकट्याने केलेला प्रयत्न अपुरा पडतो. सांडपाण्याचे नळ एका घरातून दुसऱ्या घरात झुरळांसाठी राजमार्गाचे काम करतात. अशा ठिकाणी सर्व बिऱ्हाडांनी एकाच आठवड्यात काम हाती घ्यावे आणि सामाईक गटाराची झाकणे नीट बसवून घ्यावीत. झुरळ मनुष्याच्या निष्काळजीपणावर जगते. तो आधार सर्वांनी मिळून काढून घेतला, तर त्याला हटविण्यासाठी विषाची गरज थोडीच उरते.